खेळण्यातील मालमोटार : सांगाडा आधी, कवच नंतर

भिलाई-३ येथील रेल्वेच्या यार्डात मालडबे जोडण्याचे व सोडविण्याचे काम अहोरात्र चालू असते. तेथे कोळसा आणि खनिज वाहणारे उघडे डबे येतात, धान्य-सिमेंटाचे बंद डबे येतात, तेलाच्या टाक्या येतात. दुरून पाहणाऱ्यास ही सर्व निरनिराळी वाहने वाटतात. परंतु किंचित वाकून चाकांकडे पाहिले, तर ‘बॉक्स-एन’ हा उघडा डबा आणि ‘बीसीएन’ हा बंद डबा एकाच जातीच्या, म्हणजे ‘कॅसनब’ बोगीवर उभे असल्याचे आढळते. वाहनाचे रूप ही एक गोष्ट आणि त्याला पेलणारी व चालविणारी रचना ही दुसरी, हा धडा भिलाई-३ च्या मुलास रुळांच्या काठी उभ्या उभ्या मिळू शकतो.

बिनतारी लहरींनी चालविल्या जाणाऱ्या खेळण्यातील मालमोटारींच्या बाबतीत मात्र हाच धडा विसरला जातो. दुकानात निवड होते ती कवचाची. थोरली चाके, चकचकीत रंग, खऱ्या गाडीसारखा दर्शनी भाग एवढे पाहिले की खरेदी पुरी होते. कवचाखाली काय आहे, हे फारसे कोणी विचारीत नाही. वस्तुतः गाडीचे गुणदोष ठरतात ते तिच्या ‘चॅसी’वर, म्हणजे तळच्या सांगाड्यावर, आणि सांगाडा कोणता चांगला, हे ठरते ती ज्या जमिनीवर धावणार त्या जमिनीवरून.

या सांगाड्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार मानता येतील. पहिला शिडीसारखा. दोन लांब दांडे, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि खाली दोन अखंड आस. महामार्गावरील मालमोटारीची बांधणीही साधारणतः अशीच असते. जपानच्या तामिया कंपनीने १९८१ मध्ये टोयोटाच्या पिकअप गाडीची जी प्रतिकृती काढली, तिच्यात धातूचा शिडीवजा सांगाडा, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि तीन वेगांची गिअरपेटी होती. त्याच कंपनीच्या १९८७ मधील ‘क्लॉड बस्टर’ या राक्षसी चाकांच्या गाडीत दोन मोटरी होत्या आणि त्या थेट पुढच्या व मागच्या आसावरच बसविल्या होत्या. दुसरा प्रकार पसरट पेटीसारखा. त्यात सर्व भाग एका ओतीव प्लॅस्टिकच्या तळात बसवितात आणि प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते. अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीची २००८ मधील ‘स्लॅश’ ही शर्यतीची गाडी या घडणीची होय. तिच्यासाठी पुढे अधिक बुटका सांगाडाही काढण्यात आला. कवच तेच ठेवून केवळ तळ खाली आणला की गाडीच्या वागणुकीत फरक पडतो, याची ही निर्मात्यांनीच दिलेली कबुली म्हणावयास हरकत नाही.

यांपैकी श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न छत्तीसगढातील शेतकऱ्यास विचारला, तर तो प्रथम जमीन कोणती हे विचारील. दुर्ग-भिलाईकडे जमिनीच्या जातींना जुनी नावे आहेत. उंचवट्यावरील मुरमाड, खडेयुक्त जमीन ती ‘भाठा’. सखल भागातील काळी, चिकण जमीन ती ‘कन्हार’. भाठ्यावरील दगडांतून सावकाश वाट काढावयाची असेल, तर अखंड आस उपकारक ठरतो. एक चाक दगडावर चढले की आस कलतो आणि दुसरे चाक जमिनीस धरून राहते. शिवाय स्प्रिंगा कितीही दबल्या तरी आसाखालील मोकळी जागा कमी होत नाही. त्याच भाठ्यावर वेगाने धावावयाचे असेल, तर जड आस उसळ्या घेऊ लागतो, आणि तेथे हलकी, स्वतंत्र चाके अधिक चांगली पकड घेतात. पावसाळी कन्हारात प्रश्न आणखी निराळा. चिखलात एक चाक घसरून गरगर फिरू लागले की साधे डिफरन्शियल त्याच चाकास फिरवीत राहते आणि गाडी रुतून बसते. तेथे दोन्ही चाकांना एकत्र बांधणारी, कुलूपबंद करता येणारी रचना हवी. राक्षसी चाकांचे कवच यांपैकी एकाही अडचणीत कामास येत नाही.

सिमेंटच्या अंगणातील प्रसंग तर याहून बोधप्रद आहे. वळताना गाडी घसरेल की उलटेल, हे एका साध्या गुणोत्तराने सांगता येते. दोन चाकांमधील अंतराच्या निमपटीस गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. चाकांमधील अंतर २४ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ८ सेंटिमीटर असेल, तर उत्तर १.५ येते; उंची १६ सेंटिमीटर झाली तर ०.७५. कोरड्या काँक्रीटवर रबराचा घर्षणांक सुमारे ०.८ ते १ धरला, तर पहिली गाडी उलटण्यापूर्वी घसरेल आणि दुसरी घसरण्यापूर्वी उलटेल. सैल मुरमावर पकडच कमी असल्यामुळे हीच दुसरी गाडी बहुधा घसरून सावरते. उंच गाडीस खडबडीत मैदान मानवते आणि गुळगुळीत अंगण घातक ठरते, ही गोष्ट प्रथमदर्शनी उफराटी वाटते. पण तिचे कारण इतके साधे आहे.

हे पडताळण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. गाडी फळीवर आडवी ठेवावी, खालच्या चाकांशी घसरू नये म्हणून एक बारीक पट्टी ठोकावी आणि फळी हळूहळू तिरपी करावी. १.५ गुणोत्तराची गाडी सुमारे ५६ अंशांवर कलंडेल, ०.७५ ची सुमारे ३७ अंशांवर. स्प्रिंगा दबत असल्याने प्रत्यक्षात थोडी आधीच.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. आकार एक-दशांश केला की वजन सहस्रांश होते, परंतु दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ शतांशच राहते. त्यामुळे त्याच पदार्थाच्या लहान गाडीतील दांड्यावर स्वतःच्या वजनाचा ताण दहापट कमी पडतो. उंचावरून पडूनही खेळणे शाबूत राहते, ते याच कारणाने. तेव्हा मजबुतीच्या बाबतीत खेळण्याची साक्ष ग्राह्य मानू नये. कलंडण्याचा कोन मात्र आकारावर अवलंबून नाही. तो केवळ प्रमाणांवर अवलंबून आहे. खेळणे कोठे खरे बोलते आणि कोठे फसविते, हे ओळखणे हाच यातील सर्वांत मोलाचा पाठ होय.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मुलास आनंद हवा असतो, यंत्रशास्त्र नव्हे. आणि आनंद तर कवचातच आहे. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. कवचाच्या आकर्षणावाचून मूल गाडीजवळ येणारही नाही. तथापि ज्या खेळण्याचा तळ कायमचा बंद असतो आणि ज्याचा सुटा भाग मिळत नाही, ते पहिल्याच मोडतोडीनंतर कोपऱ्यात पडते, आणि त्याबरोबर आनंदही संपतो. उघडता येणाऱ्या सांगाड्याची गाडी मोडली, तर तिची दुरुस्ती हाच नवा खेळ होतो.

यास्तव शाळेच्या विज्ञानमंडळास किंवा एखाद्या कुटुंबास पहिली गाडी निवडावयाची असेल, तर शिडीवजा सांगाड्याची, अखंड आसांची, संथ गाडी निवडणे इष्ट. ती शर्यत जिंकणार नाही. परंतु तिचा प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसतो. वेगवान गाडीची पाळी त्यानंतर यावी.

भिलाई-३ जवळून जाणाऱ्या, पूर्वी ६ क्रमांकाच्या आणि आता ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर उंच भार लादलेल्या मालमोटारी रोज वळणे घेत असतात. भार जितका उंच, तितका गुरुत्वमध्य वर, आणि उलटण्याचा धोका तितका निकट. हे गुणोत्तर ज्या मुलाने फळीवर पाहिले, ते उद्या चालक झाले, भार भरणारे झाले किंवा केवळ रस्त्याकडेने चालणारे झाले, तरी त्या वळणाकडे निराळ्या दृष्टीने पाहील.