छातीतली धडधड आणि खांबावरचा सूर

३० ऑक्टोबर २०२५ ची रात्र आठवतेय ना? महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या तेव्हा आमच्याकडे यजमान "संपलं" म्हणून जेवायला उठले. मी आणि लेक मात्र बसून राहिलो. नवी मुंबईत मुंबईच्याच जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या, आपण जिंकलो आणि ती पोर सगळ्या जगासमोर ढसाढसा रडली.

पण मला बोलायचंय ते ती नंतर जे बोलली त्याबद्दल. या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडत होतो, प्रचंड अस्वस्थ होतो, आईला फोन करून नुसतं रडायचो, असं तिने सरळ सांगितलं. सुरुवातीच्या सामन्यांत दोनदा ती शून्यावर बाद झाली होती, इंग्लंडविरुद्ध तर संघातूनच वगळली गेली होती. आणि त्या दिवशी? आपण पाचव्या नंबरला जाणार, असं समजून ती आंघोळीला गेली होती. मैदानात उतरायच्या पाचेक मिनिटं आधी कळलं की तिसऱ्या नंबरला जायचंय!

तुम्ही म्हणाल, इतकं टेन्शन असूनही ती खेळली कशी? मलाही हाच प्रश्न पडला, म्हणून थोडं वाचलं. छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा हे सगळं शरीराची तयारी असते. संकट दिसलं की अॅड्रेनालीन रक्तात उतरतं, हृदय जोरात पळतं, स्नायूंना जास्त रक्त मिळतं. ही धडधड मुळीच नसेल तर खेळाडू झोपाळल्यासारखा खेळतो. आणि फार झाली की स्नायू ताठरतात, श्वास उथळ होतो, नजर आखडते, शेजारून येणारा चेंडू दिसत नाही. आपल्या फोडणीसारखंच आहे. तेल तापलं नाही तर मोहरी तडतडत नाही, फार तापलं तर करपते.

येर्केस आणि डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०८ साली हेच उंदरांवर पाहिलं होतं. काम सोपं असेल तर विजेचा झटका जितका जोराचा तितका उंदीर लवकर शिके. काम अवघड असेल तर मध्यम झटक्याला बरा शिके, फार जोराच्या झटक्याला गोंधळून जाई. खेळांनाही ते बरंचसं लागू पडतं. वजन उचलणारीला आच मोठी लागते. नेमबाजाला अगदी मंद. नेमबाजीत हृदयाचा एक ठोकासुद्धा नळी हलवतो, म्हणून तर तिथे हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्यांवर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदकं अशाच गोळीपायी काढून घेतली गेली.

शिवाय एक गोष्ट आहे, ती आपल्याला न वाचताही कळेल. हाताला सवय झालेलं काम कुणी टक लावून पाहायला लागलं की बिघडतं. एरवी मोदकाच्या कळ्या भराभर पडतात. सासूबाई शेजारी येऊन बसल्या की उकड फाटलीच म्हणून समजा! कारण आपण बोटांकडे लक्ष द्यायला लागतो. २०१७ चा लॉर्ड्‌सवरचा अंतिम सामना घ्या. २२९ धावा हव्या होत्या, आपण ३ बाद १९१ वर होतो. तिथून सगळा संघ २१९ वर बाद. सात विकेट्स २८ धावांत! इंग्लंडची श्रबसोल भन्नाट टाकत होती, हे खरंच. पण एका तासात कुणी फलंदाजी विसरत नाही. त्या मुलींचे हातपाय गळाले होते.

मग २०२५ ला काय वेगळं झालं? यंदाही सलग तीन सामने हरलो होतो, इंग्लंडशी तर अवघ्या चार धावांनी, आणि सांगलीच्या स्मृतीने आपल्या चुकीच्या फटक्याची जबाबदारी उघडपणे घेतली होती. माझ्या मते फरक हाच की कुणीतरी ओझं वाटून घेत होतं. अरुंधती रेड्डीसमोर जेमिमाला रडता येत होतं. ती सराव करताना स्मृती नुसती येऊन उभी राहायची. शेवटी ती थकली तेव्हा दीप्ती शर्मा प्रत्येक चेंडूला बोलत राहिली. "घाबरू नकोस" म्हटल्याने धडधड थांबत नाही हो. सोबत कुणी असलं की तिची भीती तेवढी वाटत नाही.

ती मुलाखत चालू असताना माझी लेक एकदम म्हणाली, "आई, तुला माझी ती जिल्ह्याची मॅच आठवते?"

आठवत होती. ती आठवीत होती, खो-खो खेळायची. सरावात खांबावर असा सूर मारायची की बघत राहावं. त्या दिवशी एकदाही मारला नाही. खो द्यायला चुकली, फाउल झाला, आणि मी रेषेबाहेरून ओरडत होते, "अगं, मार की सूर!" एसटीत येताना मी तिला घाबरट म्हणाले. पुढच्या वर्षी तिने नाव दिलं नाही. अभ्यासासाठी सोडलं असेल, असं मी सगळ्यांना सांगत आले.

"माझी पाळी आली होती त्या दिवशी," लेक म्हणाली. "आणि आमची पॅन्ट पांढरी होती."

इतकी वर्षं तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पोरीचं सगळं लक्ष मागे डाग दिसतोय का इकडे, ती सूर काय मारणार? मला उगाच वाटत होतं की हे आपल्याच गावातलं. पण विम्बल्डनसारख्या ठिकाणीसुद्धा पांढऱ्या स्कर्टखाली गडद चड्डी घालायची परवानगी बायकांना २०२३ च्या स्पर्धेपासून मिळाली. म्हणजे जगातल्या अव्वल टेनिसपटूही तोवर हीच काळजी घेऊन कोर्टवर उतरत होत्या.

माझ्या धाकट्या जावेची मुलगी त्याच शाळेत आहे, तीही खो-खो खेळते. दिवाळीनंतर शाळा उघडली तशी आम्ही दोघी जावा क्रीडाशिक्षकांना भेटायला गेलो. जाताना जाऊ म्हणाली, "पुरुष माणूस, कसं बोलायचं?" मलाही घशाला कोरड पडली होती, म्हटलं हीच ती धडधड! पण बोललो. सर जरा खाली बघत राहिले, मग म्हणाले, "रंगाचं तसं काही बंधन नाही वहिनी. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही."

आता मुलींसाठी गडद निळ्या पॅन्ट शिवायला टाकल्या आहेत. शिंपी शनिवारी देतो म्हणालाय.