सव्वा तासाचं मार्सेलिस

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या शहराला तिथले लोक मार्सेय म्हणतात. आपण मात्र शाळेच्या पुस्तकात वाचलं ते मार्सेलिस. माझ्या बाबांना हेच नाव ठाऊक, आणि युरोपच्या सहलीत त्यांची मागणी एकच होती, ‘‘पॅरिस नाही पाहिलं तरी चालेल गं, मार्सेलिस दाखव.’’

बाबांचं वय 78, गुडघे कुरकुरणारे. सोबत माझा दहा वर्षांचा मुलगा आणि हातात फक्त एक दिवस. अशा वेळी चालत शहर पाहण्याचा हट्ट सोडून द्यावा. आम्ही जुन्या बंदरावरून सुटणाऱ्या छोट्या पर्यटन गाडीची तिकिटं काढली. पुढे इंजिनासारखं धूड, मागे उघडे डबे, पण रूळ नाहीत, रबरी टायरवर चालते. बाबा म्हणाले, ‘‘ही तर आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतली गाडी!’’ खरं सांगायचं तर मलाही चढताना थोडं ओशाळल्यासारखं झालं. पहिल्या वळणानंतर ते विसरले.

या बंदरात साधारण 2600 वर्षांपूर्वी ग्रीक दर्यावर्दी उतरले आणि इथेच वस्ती करून राहिले. बंदराच्या टोकाला आजही सकाळी कोळणी ताजी मासळी मांडतात. डोक्यावर नॉर्मन फॉस्टर या वास्तुविशारदाने 2013 मध्ये उभारलेलं आरशासारखं छत आहे, त्यात माणसं उलटी चालताना दिसतात. मुलाला तिथून हलवणं कठीण गेलं. बंदराच्या उत्तर बाजूच्या इमारती मात्र जुन्या शहराच्या मानाने नव्या वाटतात. कारण 1943 मध्ये जर्मन सैन्याने तिथली वस्ती रिकामी करवून सुरुंगाने उडवून दिली. हजारो कुटुंबं बेघर झाली.

पुढे गाडी कॉर्निश या समुद्राला लागून जाणाऱ्या रस्त्याला लागते. एक सांगते, जाताना उजव्या बाजूची जागा धरा. निळ्या पाण्यात बेटं दिसतात. त्यातल्या एकावर शातो दिफ हा किल्ला आहे. अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’चा नायक याच तुरुंगात होता. नायक काल्पनिक, तुरुंग खरा.

ध्वनिमुद्रित निवेदन चालू होतं. किल्ला झाला, राजे झाले, साबण झाला (इथला ऑलिव्ह तेलाचा साबण घ्याच, वर 72 टक्के तेलाचा शिक्का बघून). बाबा मान पुढे करून ऐकत होते. शेवटी न राहवून म्हणाले, ‘‘ती उडी कधी येणार?’’

ती येणार नव्हती. निवेदनात सावरकरांचं नावच नव्हतं. 8 जुलै 1910 च्या सकाळी मोरिया बोटीच्या पोर्टहोलमधून त्यांनी या बंदरात उडी घेतली, धक्का गाठला आणि धावत सुटले. फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवरून कैदी असा परत नेता येतो का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल लागला. कैदी परत देण्यात चूक झाली हे लवादाने मान्य केलं, तरी इंग्लंडने त्यांना फ्रान्सकडे सोपवण्याची गरज नाही असं ठरवलं.

बाबा काही बोलले नाहीत. टोपी नीट केली आणि समुद्राकडे बघत बसले. मला मात्र वाटलं, एवढ्या लांब आणून मी त्यांना साबणाची गोष्ट ऐकवली.

गाडी दमत दमत टेकडी चढली. सुमारे 150 मीटर उंचीवर नोत्र दाम द ला गार्द हे चर्च आहे, माथ्यावर मेरीचा सोनेरी पुतळा. गावकरी तिला लाडाने ‘भली आई’ म्हणतात. आत छताला छोट्या बोटी टांगलेल्या, भिंतींवर आभाराच्या संगमरवरी पाट्या. वादळातून वाचलेल्या खलाशांचे हे नवस. बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. बाहेरच्या भिंतीवर 1944 च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत.

मग कठड्याशी उभं राहून मी उत्तरेकडे बोट दाखवलं. जुन्या बंदराच्या पलीकडे लांबच लांब धक्के, क्रेन, मोठी जहाजं. आगबोटी जुन्या बंदरात नाही, तिकडच्या नव्या गोद्यांत लागायच्या. 1914 च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या महायुद्धासाठी आलेले हिंदी सैनिकही मार्सेलिसलाच उतरले. बाबांनी चष्मा पुसला.

मुलगा फोनवर वाचत होता. ‘‘आजोबा, बोट धक्क्यालगतच होती म्हणे. फार पोहावं लागलंच नाही!’’

मी त्याला डोळ्यांनी दटावलं. आमच्या घरी या पोहण्याचं अंतर दर पिढीत वाढत आलं आहे. बाबा थोडा वेळ गप्प राहिले.

‘‘असेल,’’ ते म्हणाले. ‘‘मग तर पकडून परत त्याच बोटीवर चढवलं, तेव्हा काय वाटलं असेल रे?’’

मुलाने फोन खिशात ठेवला. दोघं एकेक धक्का मोजू लागले, बोट कुठे लागली असेल यावर वाद घालत. वर वारा जोराचा असतो, टोपी हातात धरावी लागते, स्वेटर न्यावा. खाली गाडीने घंटा वाजवली. परतीला पुढची गाडी चालते का, ते मी चालकाला विचारून आले. चालते म्हणाला.

‘‘बाबा, थांबायचं का?’’

‘‘अगं, आमचे अजून तीन धक्के राहिलेत,’’ मागे न बघताच त्यांनी सांगितलं.