संरक्षित माणसं

पासपोर्टाच्या एजंटांचं पुराण आता पुरे, असं मागच्या खेपेला काही वाचकांनी कळवलं. पुरे केलंही असतं. पण परवा आमच्या गडमुडशिंगीतलाच एक पोरगा आजोबांचा शाळेचा दाखला घेऊन दारात उभा राहिला. जन्म १९३१. एजंटानं सांगितलेलं : आजोबा इंग्रजांच्या राज्यात जन्मले, म्हणजे ब्रिटिशच, नातवाला पासपोर्ट बसतोय.

बाळा, आजोबा जन्मले ते करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात. संस्थानची रयत इंग्रजी कायद्यानं ब्रिटिश प्रजाजन नव्हती. पासपोर्ट काढायचा झाला तर दर्जा ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’. संरक्षण कुणापासून, ते रेसिडेन्सीतल्या साहेबाला ठाऊक!

आता गंमत बघा. इथून तासाभरावर निपाणी. बेळगाव जिल्हा, खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलातला मुलूख. तिथल्या तंबाखूच्या वखारीतला हमालसुद्धा जन्मानं ब्रिटिश प्रजाजन, थेट लंडनच्या राजाचा माणूस. आणि १९०२ साली त्याच राजाच्या, सातव्या एडवर्डच्या, राज्याभिषेकाला विलायतेला गेलेले आमचे शाहू महाराज? केंब्रिजनं त्यांना एलएल.डी. दिली, पण कायद्याच्या पुस्तकात निपाणीचा हमाल महाराजांपेक्षा जास्त ब्रिटिश!

त्या हमालाला तरी काय मिळालं म्हणा. १ मार्च १९४९ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं, १९५०ला दोघंही भारतीय नागरिक, आणि नातवंडांना राणीच्या घरचा वारसा शून्य.  

गोवेकरांचं नशीब वेगळं. १९ डिसेंबर १९६१ आधी तिथं जन्मलेल्याला आणि त्याच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो. त्या पासपोर्टावर ब्रेक्झिटआधी कितीतरी गोंयकार स्विंडनला जाऊन राहिले. इंग्रजाच्या घराला पोर्तुगीज किल्ली.

“आणि मला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला असता तर?” पोरानं विचारलं.

तर भारतीय पासपोर्ट जमा करायचा, परदेशी झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड काढायचं. आणि त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही.

विमानतळाच्या धावपट्टीला जमिनी गेल्यापासून आमच्या गावात रानाचा भाव शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्यानं दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली आणि एजंटाला दिलेला ॲडव्हान्स परत कसा काढायचा, ते विचारलं.