मोडलेले हाड म्हणजे भोग नव्हे

रविवारी विहारात वंदनेला सगळे मांडी घालून बसतात. त्यात एखादी ताई भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसलेली असते. विचारले तर म्हणते, "जुनं दुखणं आहे. चार वर्षांपूर्वी जिन्यावरून पाय मुरगळला होता." शेजारची लगेच म्हणते, "भोग आहेत बाई, दुसरं काय!" अशी एक तरी ताई, एक तरी दादा प्रत्येक गल्लीत आहे. ही दोन्ही वाक्ये आपले नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी पहिल्या वाक्याकडे पाहू. साधा मुरगळलेला पाय बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरा होतो. वर्षे उलटली तरी पाऊल एकाच जागी दुखत असेल, तिथे बोटाने दाबले की कळ येत असेल, संध्याकाळी सूज चढत असेल, तर हाड मोडले होते आणि ते जुळलेच नाही, ही शक्यता तपासली पाहिजे.

पावलाच्या बाहेरच्या कडेवरून हात फिरवा. करंगळी आणि टाच यांच्या मध्ये हाडाचे एक टोक हाताला लागते. त्याच्या थोडे पुढे, करंगळीच्या बाजूला, या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. पाय वाकडा पडला की इथे हाड मोडू शकते आणि इथले हाड जुळायला फार कुरकुरते. रॉबर्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश सर्जनचे हेच हाड नाचताना मोडले. त्याने स्वतःच्या पायाचा एक्स-रे काढून घेतला आणि १९०२ मध्ये त्यावर लेख लिहिला. आजही हे मोडणे त्याच्याच नावाने ओळखले जाते. हाडांचा डॉक्टर असूनही तो नुसत्या हाताच्या अंदाजावर थांबला नाही, त्याने फोटो काढला. आपण मात्र चार वर्षे बाम चोळत बसतो.

हाड जुळायला रक्त लागते, सकस अन्न लागते आणि सर्वांत जास्त लागते ती विश्रांती. या हाडाला बहुधा सहा ते आठ आठवडे प्लास्टर घालतात आणि त्या पायावर भार देऊ नका असे डॉक्टर बजावतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईने सहा आठवडे खाडा केला तर घरे सुटतात. नाक्यावर उभा राहणारा घरी बसला तर चूल थंड होते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात प्लास्टर कापले जाते, पाण्याचा हंडा डोक्यावर येतो आणि पोटमाळ्याची शिडी चढणे सुरू होते. जुळत आलेली टोके पुन्हा हलतात. मध्ये हाडाऐवजी नुसता चिवट पडदा तयार होतो. त्यावर मशेरी, बिडी, गुटखा असेल तर तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जुळणे आणखी मंदावते. साखरेचा आजार असेल तर तेच.

सहा ते नऊ महिन्यांनंतरही हाड जुळले नसेल तर ते आपोआप जुळण्याची आशा कमी असते. पण म्हणून उपाय संपत नाही. सरकारी रुग्णालयात हाडांच्या ओपीडीचा केसपेपर काढा. जुना फोटो, जुनी चिठ्ठी जे असेल ते सोबत न्या. "पाय दुखतो" एवढेच सांगू नका. कधी लागले, प्लास्टर किती दिवस होते, कुठे दुखते, कोणते काम करता, तंबाखू खाता का, साखर आहे का, हे सगळे सांगा. नवा फोटो काढतील, गरज पडली तर सीटी स्कॅन. काहींना कडक तळव्याचा बूट आणि कामात थोडा बदल एवढ्याने आराम पडतो. काहींना हाडात स्क्रू बसवावा लागतो, कधी दुसरीकडचे थोडे हाड आणून तिथे भरावे लागते. आपल्याला काय हवे ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्यापर्यंत पोचायला तर हवे.

तोवर मऊ, सपाट झालेली रबरी चप्पल टाका. तिचा तळवा वाकतो तसे मोडलेले हाडही हलते. हाडवैद्याकडून जुना पाय ओढून, चोळून घेऊ नका. चोळल्याने हाड जुळत नाही. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, तिने पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडे खराब होतात. नाव नसलेल्या पुड्या तर मुळीच घेऊ नका. त्यांत स्टिरॉइड असू शकते आणि स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात. जेवणात नाचणीची भाकरी, तीळ, अंडे, काट्यासकट खायची सुकट असू द्या. अरुंद गल्लीत ऊन येत नाही, म्हणून थोडा वेळ उन्हात बसा. पाय लाल, गरम झाला, पू आला, ताप भरला किंवा साखरेच्या रुग्णाचा पाय न दुखताच सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता दुसरे वाक्य, "भोग आहेत". हा शब्द आपल्या तोंडी शोभत नाही. आजची अवस्था मागच्या जन्मीच्या कर्माने ठरते, ही शिकवण बुद्धाची नव्हे, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या वेदनांनी ते हैराण असत. त्यांनी मुंबईत डॉक्टर गाठले, इन्सुलिन घेतले. दुखण्याला कारण असते आणि कारण शोधून उपाय करायचा असतो, हाच तर धम्म आहे. गुपचूप सोसत राहण्याला आपण उगाच थोरपणा देतो, विशेषतः बाईच्या सोसण्याला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर मंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला आणि १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा आला. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापला जातो, त्यांना कामावर दुखापत झाली तर उपचार मोफत मिळतात आणि बसून काढलेल्या दिवसांचे वेतनाच्या ९० टक्के पैसे मिळतात. कंत्राटी सफाई कामगारांनी आपली पगारपावती आजच पाहावी. कापलेले पैसे भरले जात नसतील तर मुकादमाला जाब विचारावा. इतरांनी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे आणि आपले ऑपरेशन योजनेत बसते का ते विचारावे.

पण घरकाम करणारी ताई आणि नाक्यावरचा दादा यांना बसून काढलेल्या दिवसांचे पैसे कोण देणार? ती मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. आणि ती पुरी होईपर्यंत काम वस्तीचे आहे. अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्खूला बुद्धाने आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले. मग संघाला विचारले, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? हा प्रश्न आपल्यालाही आहे. जयंतीला मंडप, डीजे आणि रोषणाईसाठी आपण वर्गणी काढतो. त्यातला थोडा भाग बाजूला ठेवून विहारात दोन जोड कुबड्या आणि एक वॉकर ठेवता येईल. महिला मंडळाने पाळी लावून सहा आठवडे तिचे पाणी भरले, बदलीवर कोणी तिची घरे सांभाळली आणि काम परत दिले, घरातल्या पुरुषांनी भांड्याला हात लावला, तर प्लास्टर तिसऱ्या आठवड्यात कापावे लागणार नाही.

चैत्यभूमीला दादर स्टेशनवरून चालत जाताना मागे पडणारी आपली माणसे आठवा. पुढच्या ६ डिसेंबरच्या आधी त्यांतल्या एकाला तरी केसपेपर काढायला सोबत घेऊन जा. एकट्याने रांगेत उभे राहणे दुखऱ्या पायाला जमत नाही.

जयभीम.