हेडफोनला अॅम्प्लिफायर हवाच का?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना रात्री दहानंतर स्पीकरवर मोकळेपणाने गाणे ऐकता येत नाही. मुलांचा अभ्यास असतो, कुणाला पहाटे उठायचे असते, शेजारी असतातच. मग घरात चांगला हेडफोन येतो आणि महिन्याभरात कुणीतरी हितचिंतक सांगतो, "अहो, याला वेगळा अॅम्प्लिफायर लावल्याशिवाय खरी मजा नाही!" हे दर वेळी खरे नसते. विकणाऱ्याच्या मात्र ते दर वेळी सोयीचे असते.

ब्लूटूथ हेडफोनच्या पोटातच छोटा अॅम्प्लिफायर बसवलेला असतो. तेव्हा तो विषय तिथेच संपला. तारेचा हेडफोन असेल तर खोक्यावरचे दोन आकडे वाचा. एक ओहममध्ये असतो, तो विजेला होणारा अडथळा. दुसरा डेसिबलमध्ये असतो. ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती मोठा वाजतो, हे तो सांगतो. १६ किंवा ३२ ओहमचे बहुतेक इअरफोन मोबाइलवर छान वाजतात. सेनहायजरचा एचडी ६०० घ्या. १९९७ साली आलेला हा हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो. वाचायला हा आकडा भरपूर वाटतो. पण ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आलाप बराच हळू असतो आणि पुढच्या ताना, तबल्याची थाप त्याहून कितीतरी जोरकस. मोबाइलमधून जेमतेम एक व्होल्ट मिळतो, कधी तेवढाही नाही. आवाज शेवटपर्यंत वाढवूनही गाणे दूरच राहते. अशा हेडफोनला अॅम्प्लिफायर जरूर घ्यावा.

नुसत्या ओहमवर जाऊ नका. हायफायमनचा एचई-६ हा हेडफोन ५० ओहमचाच, पण वीज पिण्यात बकासुर! उलट, आवाज पुरेसा मोठा येत असूनही काहीतरी कमी वाटत असेल, तर अॅम्प्लिफायरचे पैसे अधिक चांगल्या हेडफोनमध्ये घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हेडफोन बदलला की फरक घरातल्या कुणालाही कळतो. दोन चांगल्या अॅम्प्लिफायरमधला फरक ओळखताना जाणकारांचीही भंबेरी उडते.

घ्यायचेच ठरले, तर दुकानदाराला अॅम्प्लिफायरचा 'आउटपुट इम्पीडन्स' विचारा. तो हेडफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला चारपेक्षा कमी. जुन्या स्टिरिओच्या हेडफोनच्या भोकात स्पीकरचीच वीज रोधकांमधून आणून सोडलेली असे. त्यामुळे हा आकडा शंभराच्याही पुढे जाई आणि कमी ओहमच्या हेडफोनवर खर्ज कधी फुगे, कधी पातळ होई. व्हॉल्व्हच्या काही अॅम्प्लिफायरचेही असेच असते. ३०० ओहमवर ते गोड वाजतात, ३२ वर नाही. शिवाय ते तापतात, घरात लहान मूल असेल तर हेही पाहावे.

मग खुरखूर. गाणे बंद ठेवून, नेहमीच्या पातळीवर बटण ठेवून ऐका. सूं असा आवाज येता कामा नये. आमच्या संगीताची सुरुवातच एकट्या तानपुऱ्याने होते, त्यामुळे ही खोड आपल्याला लवकर जाणवते. आवाजाचे बटण अगदी कमी ठेवून डावा-उजवा कान सारखा वाजतो का, हेही पाहा. स्वस्त बटणे तिथेच दगा देतात. आणि दोन अॅम्प्लिफायरची तुलना करताना दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा करून घ्या. जो किंचित मोठा, तो आपल्याला चांगला वाटतो. कानाची ही फसगत सर्वांची होते.

अॅम्प्लिफायर आल्यावर ताकद हाताशी येते, म्हणून कानांचा हिशेबही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावे. ९० वर मात्र फक्त चार तास, कारण दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते. घरात वयस्कर मंडळी असतील आणि त्यांना कमी ऐकू येते म्हणून आवाज चढत असेल, तर आधी कानांच्या डॉक्टरांना दाखवावे. मुलांना बटण फिरवू देताना अॅम्प्लिफायरवरचा 'गेन'चा खटका 'लो'वर ठेवावा.

एवढे झाले की बाकी रंग, धातूची पेटी, सोनेरी पिन हा हौसेचा भाग. चालू करताना काही यंत्रे 'ठप्प' असा दणका देतात, तेव्हा आधी अॅम्प्लिफायर चालू करा, हेडफोन कानावर मग चढवा.