30 सप्टेंबरनंतर गय नाही

हा इशारा दोघांना आहे. बहरीनमध्ये घरदुरुस्तीच्या नावाखाली आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्यांना, आणि त्यांना स्वतःहून दार उघडून देणाऱ्या आपल्याच मंडळींना. पहिल्यांना आम्ही मुदत देत आहोत. दुसऱ्यांना मुदत नाही. त्यांनी हे आजपासून लागू समजावं.

उन्हातल्या कामांवरची दुपारी 12 ते 4 ची बंदी 15 सप्टेंबरला उठते. पूर्वी ती जुलै-ऑगस्टपुरतीच असायची, 2025 पासून ती 15 जूनपासून सलग तीन महिने झाली. ती उठली की गच्चीवरच्या टाक्या, एसीची बाहेरची युनिटं, वॉटरप्रूफिंग आणि दिवाळीआधीचं रंगकाम सगळं एकदम निघतं. गुदैबिया, हूरा, जुफैर, उम्म अल हस्सम, तुबली, जिथे म्हणून मराठी घरं आहेत तिथे "कुणाकडे चांगला प्लंबर आहे का हो?" ही विचारणा सुरू होते आणि पाच मिनिटांत पाच मोबाइल नंबर हजर होतात. नाव एकाचंही नसतं. "टाइलवाला भाई", "एसी सलमाबाद", "पेंटर नंबर 2". ज्याचं धड नाव माहीत नाही त्याच्या हातात आपण घराची किल्ली देतो, आणि स्वतः ऑफिसला निघून जातो.

पुढे काय होतं ते आता पाठ झालं आहे. माणूस येतो, गोड बोलतो, टेप लावून मोजमाप घेतो, सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडतो. सामान आणायला म्हणून निम्मे पैसे मागतो. आपण बेनिफिटपे ॲपवरून तिथल्या तिथे पाठवतो. दुसऱ्या दिवशी दोन पोरं येऊन बाथरूमच्या जुन्या टाइल्स फोडतात, राडारोडा पॅसेजमध्ये रचतात, आणि मग तीन दिवस कुणी फिरकत नाही. चौथ्या दिवशी फोन बंद. पैसे ज्या खात्यात गेले ते भलत्याच माणसाचं. तो म्हणतो, मला या कामाचं काही ठाऊक नाही, मी फक्त मित्राला खातं वापरू दिलं. इकडे घरात म्हातारी सासू आणि शाळेची दोन मुलं, आणि बाथरूममध्ये उघडी पडलेली मोरी.

रक्कम कुठे 120 दिनार, कुठे 350, कुठे त्याहून मोठी. दिनारमागे दोनशेच्या वर रुपये धरा, म्हणजे गावाकडच्या घराचा एखादा हप्ता त्यात बुडाला. तरी तक्रार करायला कुणी तयार नसतं, कारण तक्रारीत पहिला प्रश्न हाच येणार: तुम्ही कामाला कुणाला ठेवलं होतं? या प्रश्नाला घाबरूनच हा धंदा चालतो. फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत आहे.

पैशाचं एक वेळ सोडा. आमचा खरा राग कामाच्या दर्जावर आहे, कारण त्यात जीव जाऊ शकतो. इथल्या बहुतेक फ्लॅटांत वॉटर हीटर बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या वर असतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की आपण हीटर बंद ठेवून त्याच्यातलंच गारसर पाणी वापरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो पुन्हा सुरू होतो आणि दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब पाणी गळायला लागतं. "पेंटर नंबर 2"चा भाऊ प्लंबर म्हणून येतो, व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग मारून ते बंद करतो आणि पाच दिनार घेऊन जातो. गळती थांबली म्हणून आपण खूश. प्रत्यक्षात आतला वाढता दाब बाहेर जाण्याची एकमेव वाट त्याने बुजवलेली असते. थर्मोस्टॅट अडकला की ती टाकी फुटते, आणि ती बरोबर आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर असते.

दुसरा प्रकार ईएलसीबीचा, म्हणजे करंट गळताच वीज तोडणाऱ्या यंत्राचा. हीटर लावला की घराची वीज जाते, कारण रॉडला क्षार धरून करंट गळतोय आणि ते यंत्र आपलं काम चोख करतंय. बिनपरवान्याचा मिस्त्री रॉड बदलत नाही. तो डीबी, म्हणजे घरातला विजेचा मुख्य बोर्ड, उघडतो, एक वायर इकडची तिकडे जोडतो, म्हणजे ट्रिप होणंच बंद. त्या बोर्डाला हात लावण्याचा अधिकार वीज व पाणी प्राधिकरणाचा परवाना असलेल्या ठेकेदारालाच असतो, हे त्यालाही माहीत असतं आणि बऱ्याचदा आपल्यालाही. मुंबईत पालिकेचा परवानाधारक प्लंबर असतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण दादरला काय किंवा ठाण्याला काय, नळवाल्याला परवाना कुणी विचारला होता? ती सवय आपण विमानातून इथे घेऊन आलो. इथे ती चालणार नाही.

दाट वस्तीत आग लागली की काय होतं, हे या बेटाने पाहिलं आहे. 2006 च्या जुलैमध्ये गुदैबियात कामगारांच्या निवासात लागलेल्या आगीत 16 भारतीय गेले. 2013 च्या जानेवारीत मनामात तशाच एका घरात 13 बांगलादेशी गेले. ज्या इमारतीत आपण राहतो तिथे वरखाली अशीच माणसं झोपलेली असतात. आपल्या डीबीशी कुणी खेळलं तर त्याची किंमत शेजाऱ्यालाही मोजावी लागते.

आता कायदा. 2006 च्या 19 क्रमांकाच्या कायद्याने इथे श्रमबाजार नियामक प्राधिकरण, म्हणजे आपलं एलएमआरए, अस्तित्वात आलं. परवान्याशिवाय परदेशी माणसाला कामावर ठेवणं त्या कायद्याने मना आहे. काम करणारा सापडला तर तो घरी पाठवला जातो, आणि ठेवणाराही सुटत नाही. 2017 च्या जुलैपासून फ्लेक्सी परवाना होता. कफीलशिवाय, म्हणजे प्रायोजकाशिवाय, काम करणाऱ्यांना त्याचा आधार मिळत असे. ऑक्टोबर 2022 मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्या जागी व्यवसायानुसार कामगार नोंदणी आली. तरी आजही कुणी "मी फ्लेक्सीवर आहे" असं सांगतो आणि आपण मान डोलावतो. जो परवाना अस्तित्वातच नाही, तो दाखवणाऱ्याला तुम्ही काम देता. याला भोळेपणा म्हणायची आमची तयारी नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. 2014 चा 27 क्रमांकाचा कायदा भाडेकरारांचा. 2015 चा 27 क्रमांकाचा वाणिज्य नोंदणीचा. 2017 चा 27 क्रमांकाचा स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा. (27 या आकड्यावर इथल्या विधिमंडळाचं काय प्रेम आहे कोण जाणे.) या तिन्हींचा आपल्या घराशी संबंध येतो. मालकाची लेखी संमती न घेता भिंत फोडली, बाल्कनी बंद केली, तर डिपॉझिट विसरा. भिंत पाडण्यासारख्या कामाला नगरपालिकेचा परवाना लागतो, तो वेगळाच. जुफैर किंवा अमवाजला स्वतःचा फ्लॅट घेतलेल्यांनी "घर माझं आहे" म्हणून यातून सूट मिळेल अशा भ्रमात राहू नये.

इथे परवानाधारक ठेकेदारांची बाजू मांडणं भाग आहे, कारण ती कुणी मांडत नाही. चार माणसं ठेवून प्रामाणिकपणे मेंटेनन्सचा धंदा करणाऱ्याच्या डोक्यावर काय काय असतं? सीआर, म्हणजे वाणिज्य नोंदणी, आणि त्यासाठी दाखवायचा ऑफिसचा पत्ता. प्रत्येक कामगाराचा परवाना आणि आरोग्य शुल्क. त्याखेरीज एलएमआरएचं मासिक शुल्क, जे बरीच वर्षं पहिल्या पाच माणसांना माणशी 5 दिनार आणि पुढच्या प्रत्येकाला 10 दिनार असं राहिलं. पगार बँकेतूनच. 1 मार्च 2024 पासून परदेशी कामगाराची सेवासमाप्तीची रक्कमही दर महिन्याला सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते: पहिली तीन वर्षं पगाराच्या 4.2 टक्के, पुढे 8.4 टक्के. वर्षाची उलाढाल 37,500 दिनारांवर गेली की व्हॅटची नोंदणी, आणि व्हॅट 2022 पासून 10 टक्के आहे. काम नसलेल्या महिन्यातही यातलं बरंचसं चुकत नाही. असा माणूस नळ बदलायला 15 दिनार मागतो, तेव्हा आपण म्हणतो, "लुटायला बसलाय." आणि ज्याच्या डोक्यावर यातलं काहीच नाही, त्याचे पाच दिनार आपल्याला वाजवी वाटतात.

हा भार छोट्या कारागिराला जड जातो, हे आम्ही मान्य करतो. हातात उत्तम कसब असलेल्या परदेशी सुताराला किंवा टाइल लावणाऱ्याला स्वतःच्या नावावर एकट्याचा धंदा नोंदवणं इथे सहजी जमत नाही, कारण वैयक्तिक आस्थापना ही मुळात बहरीनी आणि आखाती नागरिकांसाठीची सोय आहे. कंपनी काढायची तर खर्च परवडत नाही. मग तो दुसऱ्याची सीआर दरमहा पैसे देऊन वापरतो. लहान दुरुस्तीच्या कामांसाठी हलका, स्वस्त परवाना असावा, असं आमचं मत आहे आणि योग्य ठिकाणी आम्ही ते मांडणार आहोत. पण परवाना महाग आहे ही सबब सांगून लोकांची आगाऊ रक्कम खिशात घालणाऱ्याची बाजू आम्ही ऐकून घेणार नाही. जड शुल्काने पिचलेला कारागीर वेगळा आणि भामटा वेगळा.

आणि सर्वांत कडक शब्द सीआर भाड्याने देणाऱ्या-घेणाऱ्या मधल्या माणसांसाठी आहेत. त्यात आपले मराठी लोकही आहेत. नावं घेत नाही, पण ती आम्हाला ठाऊक आहेत. स्वतः एक खिळा ठोकायचा नाही, एका नोंदणीवर सतरा पोरं फिरवायची, प्रत्येकाकडून महिन्याला हप्ता घ्यायचा आणि तक्रार आली की "तो माझा माणूसच नाही" म्हणून हात वर करायचे. ज्याला फ्री व्हिसा म्हणून घरचं सोनं मोडायला लावून इथे आणलं, त्यालाच पुढे करून तुम्ही मागे लपता. शिडीवर चढलेल्या त्या पोराशी आमचं भांडण नाही. त्याचे पगार अडले असतील, पासपोर्ट दुसऱ्याने ठेवून घेतला असेल, तर त्याने भारतीय दूतावासाच्या ओपन हाउसला किंवा इंडियन कम्युनिटी रिलीफ फंडाकडे जावं. आम्ही सोबत येऊ.

आता अटी ऐका.

ज्यांनी या वर्षी घरदुरुस्तीसाठी आगाऊ रक्कम घेतली आणि काम सुरूच केलं नाही, त्यांनी 30 सप्टेंबरपर्यंत ती रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. रोख नको, कुणाच्या हाती नको. ज्यांनी काम अर्धवट टाकलं आहे, त्यांनी त्याच तारखेच्या आत ते पूर्ण करावं किंवा झालेल्या कामाचे रास्त पैसे ठेवून बाकीचे परत द्यावेत. अडचण खरी असेल तर तोंड चुकवू नका. समोर या, कागदावर तारीख घाला, सही करा. असं करणाऱ्यांशी आमचं वैर नाही. ज्यांनी व्हॉल्व्हला प्लग मारले किंवा ईएलसीबी बायपास केले, त्यांनी कुठल्या घरात ते केलं हे आठवड्याभरात सांगावं. याबाबतीत 30 तारखेची वाट पाहता येणार नाही.

पैसे बुडालेल्या कुटुंबांनी बेनिफिटपेच्या पावत्या, व्हॉइस मेसेज, फोडलेल्या बाथरूमचे फोटो आणि जिथे मिळाल्या तिथे सीपीआर ओळखपत्राच्या प्रती एकत्र केल्या आहेत. भीती सोडायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. कुणाला कामाला ठेवलं होतं हा प्रश्न आला, तर आम्ही खरं उत्तर देऊ आणि त्याचा जो काही दंड असेल तो भोगू.

घरमालक आणि भाडेकरू मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. ताई, दादा, वहिनी, यापुढे नुसता मोबाइल नंबर कुणाला मागू नका आणि देऊ नका. सीआर नंबर मागा. वाणिज्य नोंदणीच्या सिजिलात संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली, पत्ता कुठला, आणि मुख्य म्हणजे कुठल्या कामासाठी ती आहे, हे कुणालाही दिसतं. भाजीपाल्याच्या व्यापाराची सीआर दाखवून तुमच्या घराचं वायरिंग करायला निघालेला माणूस दारातूनच परत पाठवा. घरात येणाऱ्या कामगाराचा परवाना त्याच कंपनीच्या नावावर आहे का, हे त्यालाच त्याच्या फोनवर दाखवायला सांगा. पैसे कंपनीच्या खात्यात भरा, टप्प्याटप्प्याने भरा, आणि सामानाची पावती पाहिल्याशिवाय दुसरा टप्पा देऊ नका. यातलं काहीही न करता पाच दिनार वाचवायला गेलात आणि फसलात, तर आमच्याकडे रडत येऊ नका. तक्रारदारांच्या पुढच्या यादीत तुमचं नाव घेतलं जाणार नाही.

1 ऑक्टोबरच्या सकाळी कागदपत्रांचा एक संच उद्योग व वाणिज्य मंत्रालयाच्या ग्राहक संरक्षण विभागात, दुसरा एलएमआरएमध्ये आणि तिसरा पोलीस ठाण्यात दिला जाईल. ज्यांना त्या संचातून आपलं नाव काढून घ्यायचं आहे, त्यांनी त्याआधी पैसे भरावेत.