कार्डावरचा कोरा रकाना

मैत्रिणींनो, परवा मंडळाच्या कामासाठी आमच्या गावातल्या एका वस्तीत गेले होते. एका घरी वीस महिन्यांचं गोड बाळ. सवयीने लसीकरणाचं कार्ड मागितलं. आईने पेटी उघडली आणि लग्नातल्या शालूच्या घडीतून कार्ड काढून दिलं. इतकं जपलेलं! पण नवव्या महिन्यानंतरचा रकाना कोराच.

"काय गं, शिकलेली ना तू?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"ताई, प्रत्येक सुईनंतर ताप येतो. सासूबाई म्हणाल्या, आता पुरे. आणि दिवसभर केंद्रावर बसले तर रोज बुडतो."

मी गप्पच झाले.

या कोऱ्या रकान्याची किंमत आपण २०२२ मध्ये मोजली आहे. त्या वर्षअखेरीस मुंबईत गोवंडी, तसंच भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली. लहान मुलं दगावली. कोरोनाच्या दोन वर्षांत लसीकरण विस्कळीत झालं, अनेक मुलांचे डोस राहिले, आणि गोवराने नेमकी तीच मुलं गाठली. शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच ही साथ थोपते. 'गोवर काय, सगळ्यांनाच येतो' असं आपण म्हणतो. पण त्यातून न्यूमोनिया होतो, कधी मेंदूला सूज येते, डोळेही जातात.

साथ आली की बोट आईकडे. 'अडाणी बायका' म्हणून मोकळे! पण ताप येऊ शकतो, घाबरू नकोस, हे तिला आधी कोणी सांगितलं? मजुरीच्या वेळेतच लस ठेवली तर तिने काय करावं? संध्याकाळी एखादं सत्र का नको?

तोवर आपण एवढं तरी करू या. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कार्ड हरवलं तरी जा. साध्या सर्दीसाठी लस टाळू नका.

त्या बाळाला घेऊन पुढच्या सत्राला आम्ही तिघी गेलो. हो, सासूबाईसुद्धा! रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी उतरला. कार्डावरचा रकाना मात्र भरला.

तुमच्या शेजारच्या घरातलं कार्ड कधी पाहिलंत?